डिस्टिल्ड पाण्यातला रंग

'पाणी किती नितळ दिसतंय!' असं कुणी म्हटलं, की आजही माझं डोकं फिरतं.

त्या काळात जो तो नॅनो-नॅनो करत होता. वडील रेल्वेत, आम्ही जयपूरला खातीपुऱ्यात राहायचो आणि मी पीएचडी करत होते. विषय, कापडाच्या रंगाने नासलेलं पाणी कार्बनच्या नॅनोनळ्यांनी साफ करणं. दिसायला काजळीसारखी काळी पूड. रंगीत पाण्यात टाकायची, हलवायची, गाळायची, की पाणी नितळ. फक्त ते पाणी नाल्याचं नसायचं. शुद्ध रंगाची चिमूट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची आणि वहीत लिहायचं 'दूषित पाणी'. सगळ्यांची तीच रीत होती.

जयपूरजवळच्या सांगानेरला, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या नाल्याकाठी, भाजी पिकवणाऱ्या एका मौसीजींच्या हातपंपाला गुलाबी पाणी यायचं, म्हणून प्यायचं पाणी टँकरवरून आणावं लागायचं. त्यांची सून पोटुशी होती. मी तिथं नमुना घ्यायला गेले, तेव्हा प्रयोगशाळेत पुडीने नितळ केलेल्या पाण्याची माझी बाटलीही मिरवायला नेली.

"ये मेरा ही पानी है?"

"ऐसा ही था, मौसीजी."

कशाने साफ केलं, हे त्यांनी विचारलं. नॅनो कसं समजावणार? "कोयला ही समझो," मी म्हणाले. काय ते माझं शहाणपण!

प्रयोगशाळेत त्यांच्या पाण्यात पूड टाकली आणि तोंडघशी पडले. त्यात मीठ होतं, सोडा होता, खळ होती, आणखी काय काय होतं. रंग जरासा फिकटला, बस्स. पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना दाखवलं.

"बाहर का पानी लाने को किसने कहा था? ग्राफ बिगड़ रहा है. हटाओ."

संताप संताप झाला माझा. आणि तरी मी तो आकडा मुकाट्याने काढून टाकला. सरांवरचा राग कधीतरी ओसरेल, स्वतःवरचा नाही ओसरत.

महिन्याभराने खरं सांगायला गेले. मौसीजी मला हाताला धरून माठाकडे घेऊन गेल्या. माठात चुलीतला कोळसा, तोंडाला फडकं. पाणी जवळजवळ नितळ झालं होतं.

"अब टैंकर तक नहीं जाते. बहू भी यही पीती है."

कोळशाने थोडाफार रंग ओढला होता. बाकी जे विरघळलेलं होतं, ते डोळ्यांना थोडंच दिसणार? दिसतं तसं नसतं, हे त्यांना कुणी सांगायचं होतं? मीच ना!

तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्यापुढे पेला धरला. "लो बेटी, पियो."

माझा हात पुढे गेला नाही.

मौसीजींनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा पेला खाली ठेवला, वळल्या, आणि ओट्यावर पाणी पीत बसलेल्या सुनेच्या हातातला पेला हिसकावून अंगणात ओतला.