राखून ठेवलेला कापूस

माझं इस्त्रीचं दुकान आणि गादीवालीचं दुकान यांच्यामध्ये एक पातळ भिंत आहे. तिकडे कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की इकडे माझ्या कपड्यांवर तंतू येऊन बसतात. त्यावरून आमची सुरुवातीला चांगलीच जुंपली होती. पुढे तिचा नवरा अचानक गेला आणि मी तंतू झटकायला शिकले.

घरात ती आणि सासू, दोघीच उरल्या. सासूला दिसायचं कमी, पण जीभ शाबूत. मुलगा गेल्याचं दुःख दोघींनी वाटून घेतलं, पण त्यावर एकमेकींशी कधी ब्र काढला नाही.

गादीवाली म्हणायची, गादी उसवली की माणूस कळतो. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कोण कडेला अंग चोरून पडतं, सगळं कापसात उतरतं. समोरच्या दुकानातला चष्मेवाला बायको गेल्यावर डबल गादी घेऊन आला, तेव्हा तिच्या एका बाजूला खोल खळगा होता. बाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. "एकट्यापुरती करा," तो म्हणाला. उरलेल्या कापसाचं काय, विचारलं तर म्हणाला, "राहू दे तुमच्याकडेच."

तिने तो पिंजून, गाठोडं बांधून माळ्यावर टाकला. दुसऱ्या कुणाच्या गादीत त्यातली चिमूटभरसुद्धा घातली नाही.

मग तो दर थंडीच्या आधी गादी पिंजून घ्यायला यायला लागला. एकट्या माणसाची गादी दर वर्षी कशाला पिंजायला लागते? पण स्टुलावर बसून चहा प्यायचा, सासूच्या चष्म्याची दांडी फुकट बसवून द्यायचा. एकदा धीर करून म्हणालाच, "आपण दोघांनी एकत्र राहायचं का? विचार करा."

"आई आहेत तोवर हा विषय नको," ही म्हणाली. त्याने मान हलवली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. यायचा मात्र थांबला नाही. मी भिंतीपलीकडून ऐकत होते आणि माझ्या हातून एक कॉलर जळली. अगं, सासूला निदान विचार तरी! पण हिने परस्पर ठरवून टाकलं होतं की म्हातारीला सोसणार नाही.

यंदा तो आला तो वेगळ्याच उत्साहात. "डबल करायचीय. तो जुना कापूस आहे ना अजून?"

"आहे की."

"मग तोही घाला. होऊन जाऊ दे एकदाचं."

तो गेल्यावर ही माझ्याकडे आली. पन्नाशीची बाई, पण पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्याच संध्याकाळी तिने सासूला सगळं सांगितलं. सासू म्हणाली, "मेले, इतकी वर्षं थांबलीस कशाला? मला वाटायचं, तुलाच नको आहे. मी कधी अडवलं होतं?"

म्हातारीने लगेच लेकीला फोन लावला, आता तुझ्याकडेच राहायला येते म्हणून. दोन-चार दिवसांत लेकीचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. निघताना सुनेच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "आता तुमचं तुम्ही बघा." दोघी ढसाढसा रडल्या.

गादी तयार झाली. खोळीचं कापड हिने स्वतःच्या आवडीचं, बारीक निळ्या रेघांचं घेतलं होतं. चष्मेवाला न्यायला आला तो एका बाईला घेऊन. बाईने गादी तळव्याने दाबून पाहिली. "थोडी कडक चालली असती. माझी पाठ दुखते."

"पुढच्या आठवड्यात लग्न आहे आमचं," चष्मेवाला म्हणाला. "तुम्ही यायचं हं. आणि तो कापूस कामाला आला बघा, चांगला माल वाया कशाला घालवायचा?"

हिने गादी गुंडाळली, दोरी आवळली आणि एक टोक धरून गाडीत चढवूसुद्धा लागली. मला त्या माणसाच्या अंगावर इस्त्री फेकावीशी वाटत होती. पण त्याने तरी कुठवर थांबायचं?

"म्हातारीला सांगून टाक आणि बोलावून घे," मी म्हटलं.

"सांगितलं तर म्हणतील, माझ्यामुळे तुझं स्थळ गेलं. जन्मभर जिवाला लावून घेतील. आणि ते खोटं आहे गं. त्यांना विचारलं नाही ते मीच."

काल दुपारी सासूचा फोन आला. हात कापसात, म्हणून तिने तो स्पीकरवर ठेवला.

"माझे नवे जावईबापू आहेत का गं तिथे? दे जरा."

"दुकानात गेलेत, आई."

"नीट वागवतो ना तुला?"

"वागवतात," ती म्हणाली, आणि तिने यंत्र सुरू केलं.