पायथ्याची काठी

"चोरी म्हणतात याला."

"चोरी कसली? पिंपभर काठ्या होत्या. लोक उचलत होते, मीही उचलली."

"अहो, लोक उतरल्यावर परत ठेवत होते. तुम्ही माझ्या साडीत गुंडाळून वारज्याला आणलीत."

लेकीचा, नीरजाचा, जपानहून नुकताच फोन येऊन गेला होता आणि बोलता बोलता काठीचं बिंग फुटलं होतं. गेल्या चैत्रात तिने आईबाबांना तिथल्या एका खेड्यातल्या बुटक्या डोंगरावर नेलं होतं. माथ्यावर जुन्या किल्ल्याची चार-दोन जोती, पायथ्याशी बांबूच्या काठ्या. अनंतरावांना ती पाहुण्यांसाठी ठेवलेली भेट वाटली. शेजारी पाटी होती. पण जन्म पुण्यात काढलेला माणूस पाटी मनावर घेत नाही.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ दर रविवारी सिंहगड चढायचा. मग गुडघा कुरकुरू लागला. गडाचा जुना सोबती सुदर्शन खालून स्कूटरचा हॉर्न वाजवायचा आणि हे गॅलरीतून सांगायचे, "आज पाहुणे यायचेत." ते पाहुणे सुहासिनीबाईंनी अजून पाहिले नव्हते. जपानी डोंगर मात्र याच गुडघ्याने, काठी टेकत, हूं की चूं न करता चढला होता. आता ती काठी उंच दांडीवर कपडे वाळत घालायच्या कामी येत होती.

"पोस्टाने परत पाठवायची नसेल तर गडावर तरी न्या."

"काठी टेकायला मी काय म्हातारा आहे?"

"तिकडे काय सोळा वर्षांचे होतात?"

"तिकडे सगळेच घेतात. इथे नेली तर सुदर्शन जन्मभर चिडवेल."

"तो परवा मंडईत भेटला. म्हणाला, वहिनी, दर रविवारी पाहुणे येतात, कुणाचं लग्न ठरतंय?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, ठरलं की कळवू."

खाली हॉर्न वाजला. सुहासिनीबाई काठीच्या टोकावर ओला शर्ट घेऊन गॅलरीत तशाच थांबल्या. अनंतराव कठड्याशी आले, खाली वाकले, तोंड उघडलं, मिटलं. आत जाऊन त्यांनी बूट चढवले. परत आले, काठीवरचा शर्ट काढून बादलीत टाकला आणि बायकोच्या हातातली काठी घेतली.

"कुठे निघालात? रविवारी पोस्ट बंद असतं."

काठी टेकत ते जिना उतरू लागले.