त्रेलेउचं तीन वाजताचं पाणी

माझ्या बाबांनी दक्षिण अमेरिकेत कधी पाऊल टाकलं नाही.

पण तिथल्या एका शहराजवळचा शेताच्या पाण्याचा पाट त्यांनी सहा आठवडे रोज दुपारी तीन वाजता बंद केला. वेल्समधल्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डात उभं राहून.

हसू नका. सांगते.

१९८३ चा हिवाळा. बाबा तिथे ज्युनिअर डॉक्टर, मी दहा वर्षांची. वॉर्डात नेस्टा नावाची ऐंशीच्या घरातली आजी होती. हिप मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. डोकं मात्र मागे कुठेतरी राहिलेलं. इंग्लिश पार विसरली होती. फक्त वेल्श बोलायची, मधूनच स्पॅनिश.

कारण ती अर्जेंटिनाची. त्रेलेउ नावाच्या छोट्या शहराजवळ तिचं शेत होतं. म्हातारपणी मुलीकडे वेल्सला आलेली.

ब्रिटन आणि अर्जेंटिनामधलं फॉकलंड्सचं युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. शेजारच्या बेडवरच्या बायका तिच्याकडे पाठ करून झोपायच्या.

रोज तीनच्या सुमारास ही बाई उठायची. स्लिपर्स काढायची, नाइटी गुडघ्यापर्यंत वर खोचायची, काठी उचलायची आणि अनवाणी दाराकडे निघायची. दोनदा पडली.

"पाणी आलं, पाणी आलं, एवढंच म्हणते हो डॉक्टर," वेल्श बोलणारी सिस्टर ग्वेन सांगायची.

तिसऱ्यांदा पडली तर ती पुन्हा उभी राहणार नव्हती. म्हणून दुपारी झोपेचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. चार्टवर लिहायचं काम बाबांचं.

बाबा पेन हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिले. तिने काठी फावड्यासारखी धरली होती.

आमचे बाबा सटाण्याकडचे. आजोबा गावचे पाटकरी, म्हणजे प्रत्येकाच्या शेताला पाळीपाळीनं पाणी देणारा माणूस. आपली पाळी चुकली की पीक माना टाकतं, हे बाबा चालायच्या आधी शिकले असावेत.

"सिस्टर, तिला सांगा, पाटकरी आलाय. तुमचं शेत भिजलं. मी पाटाचं दार लावून आलो."

ग्वेनने आधी बाबांचाच ताप बघावा अशा नजरेनं पाहिलं. पण सांगितलं.

नेस्टाआजीने बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. टाय, स्टेथोस्कोप, सगळं. मग काहीतरी विचारलं.

"शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं का, विचारतेय."

"पोचलं म्हणावं."

आजी वळली, बेडवर बसली आणि पाय पुसायला टॉवेल मागितला.

इंजेक्शन कुणी लिहिलंच नाही.

त्या दिवसापासून बाबांच्या अंगात त्रेलेउ संचारलं. लायब्ररीतून पुस्तकं आणली, आजीच्या मुलीला प्रश्न विचारून भंडावलं. आणि रोज जेवताना आम्हाला फुल लेक्चर.

"वाळवंट गं! नुसता वारा आणि धूळ. पाऊस नावाला. एकच नदी, चुबूत. तिथे ही वेल्श माणसं बोटीतून उतरली. का? तर आपली भाषा आपल्या तोंडात राहावी म्हणून! कुणी खाणीतला, कुणी शिंपी. शेतीचा गंध नाही. पहिली पिकं जळून गेली. तिथल्या तेहुएल्चे लोकांनी शिकार शिकवली म्हणून जगले. मग फावडी घेतली आणि पाट खणले. मैलोन् मैल!"

"अहो, आमटी गार होतेय," आई.

"आणि गहू पिकवला! तो बंदरावर न्यायला रेल्वे आली, ती खोऱ्यात जिथे संपली तिथे त्रेलेउ वसलं. मग पुरानं सगळं धुऊन नेलं. पुन्हा खणले पाट! पुढे लोकर, कापड गिरण्या, आता चांगलं शहर आहे."

पेपर नॅपकिनवर त्यांनी नदी काढली, पाट काढले, स्टेशन काढलं. त्यांचे डोळे भरून आले होते. परक्या लोकांच्या पाटासाठी!

"एवढं सटाण्याचं सांगितलंत का कधी पोरीला?" आईने विचारलं.

बाबांनी नॅपकिन उलटला. मागच्या बाजूला त्यांनी आपल्याकडची मोसम नदी काढली.

सुट्टीच्या दिवशीही तीन वाजता "पाणी द्यायचंय" म्हणून कोट चढवायचे. एकदा मीही गेले. आजीने माझ्याकडे बोट करून काही विचारलं. ग्वेन म्हणाली, "पाटकऱ्याची मुलगी का?"

बाबा म्हणाले, "येस."

सहा आठवड्यांनी नेस्टाआजी वॉकर घेऊन, स्वतःच्या पायांनी मुलीच्या घरी गेली. त्या दुपारी बाबा घरात नुसते येरझाऱ्या घालत होते.

नव्वदचं दशक संपताना, लेस्टरच्या हॉस्पिटलात बाबा स्वतः बेडवर होते. आजचीच तारीख. दुपारी एकदम उठायला लागले. सलाइनची नळी ओढली. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडायला लागले.

नर्स धावत आली. मी म्हटलं, जस्ट अ मिनिट, प्लीज.

मी उभ्या आयुष्यात पाट पाहिलेला नव्हता. माझं मराठी कसं आहे ते तुम्ही वाचताच आहात.

"बाबा, पाणी दिलं. दार लावून आले मी."

त्यांनी डोळे उघडले.

"शेवटपर्यंत पोचलं?"

"पोचलं, बाबा."

मग ते आडवे झाले. मी त्यांचे कोरडे पाय टॉवेलने पुसले. ते पुन्हा उठले नाहीत.

ते शेत सटाण्याचं होतं की त्रेलेउचं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

बाबा, सगळं शिवार भिजलंय. निवांत पडा.

पाटकऱ्याच्या मुलीचा नमस्कार.