ह्यांचं बायबल, माझी माळ

आमच्या ह्यांनी बायबल वाचायला घेतलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. चार-पाच दिवसच. मग जे पोटात दुखायला लागलं, ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर ह्यांची सकाळ रिकामी झाली आणि ती माझ्या वाट्याला येणार असं मी धरून चालले होते. मुलगी कॅनडात, मुलगा विरारला फ्लॅटमध्ये. वसईजवळ गिरीजच्या या घरात आम्ही दोघंच, मागे केळीची वाडी. पाववाला येऊन गेला की ओट्यावर चहा-पाव आणि निवांत गप्पा, एवढीच माझी अपेक्षा. झालं भलतंच. एका रविवारी फादर प्रवचनात म्हणाले, आपल्याकडे बायबल घरच्या आल्तारावर, क्रूसाशेजारी, फुलं वाहायला असतं, उघडायला नसतं. सगळं देऊळ हसलं. हे हसले नाहीत. घरी आल्यावर लग्नात मिळालेलं बायबल त्यांनी क्रूसाशेजारून उचललं, टॉवेलने पुसलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर चहाच्या कपाशेजारी ते असायचं. मी काही बोलायला गेले की हात वर करायचे. "थांब जरा."

सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या. देवाच्या पुस्तकाशी भांडायचं कसं?

खरं म्हणजे घरातली प्रार्थना हे माझं खातं. आमच्याकडे रोज संध्याकाळी माळ म्हणतात. प्रत्येक मण्याला 'नमो मरिये'चा पहिला भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला बाकीच्यांनी. सासूबाई गेल्यापासून पहिला भाग माझा. हे कामावरून दमून यायचे, भिंतीला टेकून उरलेला भाग पुटपुटायचे, मध्येच डुलकीही काढायचे. मी मात्र पाठ ताठ, डोळे मिटलेले. गावात कुणाचं मयत असो की मे महिन्यात क्रूसापुढची प्रार्थना, माळ म्हणायला बोलावणं मलाच यायचं. रविवारी देवळात मिस्सा झाल्यावर बाहेर बायका माझ्याशी थांबून बोलायच्या, ह्यांच्याशी नाही.

मग शेजारच्या घरी आळीतल्या समूहाची प्रार्थना झाली. माळ मी म्हटली, नेहमीसारखी. ती संपल्यावर शेजारणीची सून ह्यांना म्हणाली, "अंकल, तुम्ही रोज वाचता ना? दोन शब्द बोला." हे खाली बघत बोलले. आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेल्या एका बापाविषयी. तो बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात विश्वास कमी पडतोय म्हणून मदतही मागतो. "मी कधीचा तिथेच अडकलोय," हे म्हणाले. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. शेजारणीने पदराने डोळे पुसले आणि निघताना माझा हात धरला. "काय नशीब गं बाय तुझं! आमचा तर मोबाईलमधून डोकं काढत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिच्या सासूच्या, दिराच्या, सगळ्यांच्या मयताला मी घसा कोरडा केला, तेव्हा नाही कुणी माझ्या माळेला डोळे पुसले!

दुसऱ्याच दिवशी वसईला जाऊन मी स्वतःचं बायबल विकत आणलं. सुरुवातीपासून सुरू केलं, आणि वाचलं कसं, तर माळ म्हणतात तसं. मध्ये श्वास घ्यायचा नाही, मागे वळायचं नाही. कुकरच्या शिट्ट्यांबरोबर एकेक अध्याय उडवला. जग निर्माण झालं, बुडालं, लोक मिसरातून निघाले. देवाच्या तंबूच्या पडद्यांची मापं आली, बळीच्या बोकडांची चरबी आली, तीही मी सोडली नाही.

"मी वाळवंटात पोचले," एकदा जेवताना मी ऐकवलं. "तुम्ही कुठे?"

"तिथेच."

"अजून त्या मुलाच्या बापापाशी?"

"हो." आणि हे बोंबलाचं कालवण इतक्या शांतपणे खात राहिले की जिंकल्याचं काही सुखच राहिलं नाही.

मला पुढे जायचंच नव्हतं मुळी. ह्यांना जे मिळत होतं ते मला हवं होतं. पानापानावर देव कुणाकुणाशी बोलत होता. माझ्याशी चकार शब्द नाही. आणि ह्यांना अर्ध्या पानात सगळं!

एका सकाळी मी कप आपटलाच. "देव तुमच्याशी काय बोलतो ते मला सांगा तरी. मी काय परकी आहे?"

ह्यांनी चष्मा काढला. "कुठे काय बोलतो? काही बोलत नाही."

"मग रोज इथे बसून करता काय?"

"वाट बघतो." चष्मा पुसत म्हणाले, "फादरांचं निमित्त झालं गं. मी सुरुवात केली ती तुझ्यामुळे. इतकी वर्षं तू माळेला डोळे मिटून बसतेस, मी भिंतीला टेकून तुझ्याकडे बघत असायचो. वाटायचं, हिला देव भेटतो, मला का नाही? फार हेवा वाटायचा तुझा." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "भेटतो ना तुला?"

माझा हेवा! जे मला हवं होतं ते आयतं पुढ्यात आलं होतं. नुसती मान हलवायची होती. पण ह्यांचा आवाज असा होता की मला खोटं बोलवेना.

"नाही हो," मी म्हटलं. "डोळे मिटून मी उद्याच्या कालवणाचा विचार करते."

ह्यांनी चष्मा हळूच परत डोळ्यांवर चढवला. इतकी वर्षं ज्याच्या आधारावर हा माणूस उभा होता ते मी काढून घेतलं, असं वाटून मला धडकी भरली. मग ह्यांनी बायबल आमच्या दोघांच्या मध्ये सरकवलं आणि त्या बापाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तू वाच," हे म्हणाले. "मला एकट्याला याच्यापुढे जायची भीती वाटते."

मी वाचायला लागले, आणि त्या बापाच्या बोलण्यापाशी येऊन मीही अडकले.