आईचा नेम, आईची आण

बोरगावच्या आप्पाण्णाला मी बरीच वर्षं चिडवलं. "पाणी गाळून पितोस, मग शब्द का गाळत न्हाईस रं?" तो जैन, मी मराठा, आमची शेतं बांधाला बांध लागून. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर. बैल अडला तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

पाण्याचा नेम त्यानं काही हौसेनं घेतला नव्हता. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिनं त्याच्याकडून तो वदवून घेतला. पाणी दुपदरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव ज्या विहिरीतले त्याच विहिरीत परत सोडायचे. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत, असं त्यांच्यात मानतात. आई गेल्यावर पहिलं वर्षभर आप्पाण्णा कुरकुरतच नेम पाळायचा. बायको तारामती आठवण करायची आणि बोलणी खायची. पुढं कधीतरी आठवण करायची गरजच उरली नाही. सवय अशीच लागते. कोणत्या दिवशी लागली, ते कुणाला सांगता येत नाही. सकाळी पाणी गाळून तो शेताकडं निघायचा, तो हातात त्या जिवांचा तांब्या घेऊनच. वाटणीत रानातली विहीर धाकट्या भावाकडं, कुंथुनाथकडं गेली होती, पण दोन्ही घरं पाणी तिथलंच प्यायची.

एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीसचा उन्हाळा असावा. सकाळीच कुणीतरी सांगत आलं की कुंथुनाथनं सामाईक बांधावरची बाभळ तोडली. आप्पाण्णा तांब्या घरातच विसरून धावत आला. जू मोडलं म्हणून कुंथुनाथला लाकूड हवं होतं. आधी विचारायला हवं होतं, चुकलंच त्याचं. पण आप्पाण्णानं जे तोंडातून काढलं, ते बाभळीच्या मापाचं नव्हतं.

"कुणासाठी जमवतोस रं? तुझ्यामागं खायाला हाय कोण?"

कुंथुनाथची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. मी पलीकडं कुळव धरून उभा होतो. माझीच मान खाली गेली.  कुंथुनाथ एवढंच म्हणाला, "अण्णा, ह्याच्या म्होरं माझ्या रानात पाय ठेवशील, तर तुला आईची आण हाय."

दुपारी मी भाकरी सोडून बसलो होतो, तर आप्पाण्णा भर उन्हात येताना दिसला. हातात तांब्या, त्यावर ओलं फडकं. घरी गेल्यावर तो तसाच कोनाड्यात दिसला असणार.

"आता कसं करणार?" मी विचारलं. "त्यानं तर आण घातलीया."

"नेमबी आईचाच हाय, नागोजी."

"दूधगंगेत ओतून ये जा. कोण बघतंय?"

"नदीचं पाणी ह्यांचं न्हवं," तो तांब्याकडं बघत म्हणाला.

खरं सांगतो, मला राग आला. डोळ्यांना दिसतही नाहीत अशा जिवांसाठी हा माणूस कासावीस झाला होता, आणि सकाळी सख्ख्या भावाला जिवंत सोलून आला होता. मी तसं तोंडावर बोललो. आप्पाण्णानं उलट उत्तर न देता ऐकून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग तो बांधापाशी गेला आणि अलीकडंच थांबला. विहीर तिथून वीस पावलांवर. "कुंथू!" त्यानं हाक मारली. विहिरीजवळच्या सावलीत कुंथुनाथ पाठमोरा बसला होता. तो हलला नाही. आप्पाण्णा पुन्हा हाक न मारता उन्हात उभा राहिला. माझी भाकरी खाऊन झाली तरी तो तिथंच होता.

अखेर कुंथुनाथ उठला, बांधापाशी आला. तांब्याकडं बघितल्यावर त्याला काही सांगावं लागलं नाही. तोही त्याच आईचा.

"पाय ठेवीत न्हाय मी. तू सोड," आप्पाण्णा म्हणाला.

कुंथुनाथनं तांब्या घेतला. वरून ओतलं तर जीव मरतात, म्हणून दोरीला बांधून तो पार पाण्याला टेकवला आणि तिथं कलता केला. रिकामा तांब्या घेऊन परत आला, तेव्हा आप्पाण्णाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पाण्यातलं परत सोडलं. माझ्या तोंडातनं गेलेलं कसं परत घिऊ, कुंथू?"

"ते न्हाय येत परत, अण्णा," कुंथुनाथ म्हणाला. मग तांब्या त्याच्या हातात देत म्हणाला, "उद्या पाणी न्यायला ये. आण मी घातलीती, मीच सोडवतो."

पुढं वीस वर्षं मी आप्पाण्णाला पाहिलं. राग काही गेला नाही, स्वभावाला औषध नसतं म्हणतात. पण राग चढला की तो मधेच उठून पाणी प्यायला जायचा आणि बऱ्याच वेळानं परत यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, तहान लागलीती. मी मात्र त्याला चिडवणं त्या दुपारीच सोडलं.