रस त्यांचा, चोथा सरूचा

लोणावळ्याला लोक हवा खायला येतात. आमच्या डॉक्टरांच्या बंगल्यात मात्र खायला खरोखरच हवा असायची, आणि प्यायला रस. मी तिथली स्वयंपाकीण. नावाचीच हो! नोकरमाणसांची आमटी-भाकरी उरकली की चूल विझायची, मग मी आणि माझी पळी दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या. पुण्यात शंभर पानांच्या पंगती उठवलेली बाई मी, मुक्ताबाई, आणि म्हातारपणी कामाला लागले कुठं, तर जिथं फोडणी हा शब्द काढला की डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात तिथं. पण विधवेला निवड कुठली असते? जिथं भाकर, तिथं चाकर.

ही साहेबाची मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. डॉक्टर माणूस सज्जन, पण पुस्तकातला. त्यांचा एकच मंत्र होता. फळाचा सगळा प्राण रसात, चोथा म्हणजे नुसतं लाकूड. आजारी पोटाला विश्रांती द्यायची तर गाळीव रस द्या, बाकी काही नको. मुंबईचे अजीर्णवाले, मेदवाले, झोप न येणारे असे कोण कोण यायचे आणि काचेच्या पेल्यातून तांबडं-पिवळं पाणी पीत व्हरांड्यात पडून राहायचे.

तो रस काढायची सरू. जवळच्याच औंढे गावची सरूबाई. मागच्या पडवीत पाय पसरून बसायची आणि गाजर, बीट, कोबी, कोहळा, जे पुढ्यात येईल ते किसायची. मग किसाची मांजरपाटाच्या फडक्यात पोटली बांधून अशी पिळायची की आतला चोथा कोरडाठक्क. बिटाच्या दिवशी तिचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे.

"काय गं, कुणाचा मुडदा पाडून आलीस?" मी विचारायची.

"माझ्याच नशिबाचा, आक्का," ती म्हणायची आणि पुन्हा किसायला लागायची.

नशीब तिचं तसंच होतं. नवरा, कोंडाजी, घाटात रेल्वेच्या गँगवर होता. एका पावसाळ्यात दरड आली आणि त्याला घेऊन गेली. एक शेळी होती, ती बिबळ्यानं नेली. उरली एक लेक, नंदा. तिला कान्ह्याला दिली होती. सरू हे सगळं सांगायची ते दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. रडायची नाही, मलाच मेलीला रडू यायचं आणि मग मी तिच्यावरच खेकसायची. दुसरं काय करणार?

चोथा आम्ही विहिरीजवळच्या खड्ड्यात टाकायचो. एक दिवस सरू सूप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आक्का, ह्यो चोथा मी घरी न्हेला तर चाललं का?"

"कशाला? म्हैस बांधलीस की काय दारात?"

"न्हाई वो. नंदा आलीया बाळंतपणाला. पोरगी झाली. पर अंगावर दूधच न्हाई."

मला ठाऊक होतं. नंदाची आधीची दोन बाळं अशीच गेली होती, दुधावाचून. दोन्ही वेळा पोर रडून रडून गप्प झालं आणि मग कायमचंच गप्प झालं. सासरचे म्हणाले, हिचं अंगच कोरडं. अंग कोरडं म्हणे! पोटात काही घातलं होतं का त्यांनी? यावेळी सरू लेकीला स्वतः जाऊन घेऊन आली होती. पण आणून घालणार काय, नाचणीची भाकरी आणि मीठ?

"ने बाई, ने," मी म्हटलं. "खड्ड्याच्या पोटात जाण्यापेक्षा माणसाच्या पोटात गेलेला बरा."

सरू रोज संध्याकाळी चोथा पत्र्याच्या डब्यात दाबून भरायची आणि औंढ्याची वाट धरायची. नाचणीच्या पिठात तो मळायचा, वर मिरची-मीठ, आणि जाडजूड भाकरी थापायची. नंदा पोटभर खायची. कधी टमाट्याचा चोथा आमटीत जायचा, कधी कोबीचा तसाच परतायचा. असे काही दिवस गेले असतील. एका सकाळी सरू आली ती आल्याआल्या माझ्यापुढं बसली.

"आक्का, नंदाची चोळी भिजली."

"पावसात गेली होती का?"

"पाऊस कसला वो! दुधानं!"

मी हातातली पळी खाली ठेवली. आता ते चोथ्यानं आलं की पोटात चार घास जास्त गेले म्हणून आलं, ते त्या परमेश्वराला माहीत. डॉक्टरांच्या लेखी तर ते लाकूड. पण त्या दिवशी नोकरांच्या आमटीत मी गूळ जरा जास्तच घातला आणि कुणी विचारलं तर सांगितलं, हात सैल सुटला.

पण सुख म्हटलं की त्याला फाटा फुटायचाच. आमच्याकडे गिरगावच्या एका कापडवाल्याची आई आली होती, बयाबाई. आली तेव्हा काठी टेकत का होईना, बागेत फिरायची. महिनाभर नुसत्या रसावर राहिली आणि खाटेला लागली. पोट दगडासारखं घट्ट, उठून बसली की चक्कर. रात्रंदिवस कण्हणं चालू. ते कण्हणं व्हरांड्यातून थेट आमच्या पडवीत ऐकू यायचं. "अगं आई गं, मला काहीतरी चावायला द्या गं," एवढंच म्हणायची बिचारी. डॉक्टरांचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्यांच्याकडे टपालानं दुसरं एक पुस्तक आलं, त्यात म्हणे उलटंच लिहिलेलं. फळं-भाज्या गाळू नका, चोथ्यासकट बारीक वाटून द्या, चोथ्यानंच कोठा साफ होतो आणि पोटाला जेवल्यासारखं वाटतं. डॉक्टर दोन दिवस येरझाऱ्या घालत होते. इकडे आड, तिकडे विहीर. चोथा पचला नाही तर म्हातारी हातची जायची, आणि रसावर ठेवली तर जात होतीच.

तिसऱ्या दिवशी ते पडवीत आले. डॉक्टर सगळ्यांनाच अहोजाहो करायचे.

"सरूबाई, तुम्ही चोथा घरी नेता ना? कोण खातं?"

"लेक खाती, सायेब. बाळंतीण हाय."

"मग तिला कसा सोसतो? पोट दुखतं? जड पडतं? अगदी खरं सांगा. तुमच्या सांगण्यावर मी त्या आजींना द्यायचं की नाही ते ठरवणार आहे."

मी डॉक्टरांच्या पाठीमागं उभी होते. माझ्या डोक्यात लख्खकन् उजेड पडला. ही "सोसतो" म्हणाली की चोथा उद्यापासून पेशंटांच्या पोटात, आणि हिचा डबा रिकामा. मी सरूकडे बघून मान हलवली. नाही म्हण गं! दुखतं म्हण! डोळे मोठे केले, पदराआडून हातानंसुद्धा खुणावलं. तिनं बघितलं. मला पक्कं माहीत आहे, तिनं बघितलं. व्हरांड्यात म्हातारी कण्हत होती.

"न्हाई सायेब," सरू म्हणाली, "काय बी दुखत न्हाई. पोट साफ हुतं. अंगावर दूध आलं तिला."

डॉक्टरांनी चक्क हात जोडले तिला आणि लगबगीनं गेले.

मी तिच्यावर अशी काही तुटून पडले! "अगं मूर्ख बाई! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलास! दोन नातवंडं मातीत घातलीस, अजून डोळे उघडले नाहीत? एक खोटं बोलली असतीस तर जीभ झडली असती का?"

सरू फडकं पिळत राहिली. मग म्हणाली, "आक्का, ज्या घासानं लेकराला दूध आलं त्याला वाईट कसं म्हणू? अन्नाला नावं ठिवली का अन्न रुसतं. आन् ती म्हातारी... ती बी कुणाचं तरी लेकरूच हाय की."

मी थकले. खरं सांगते, चांगल्या माणसांपुढं मी जितकी थकते तितकी वाईटांपुढं थकत नाही.

दुसऱ्या दिवशी अडगळीतला पाटा-वरवंटा बाहेर निघाला. आता किसायचं नाही, पिळायचं नाही, सगळं सालीसकट पाट्यावर वाटायचं. पिळण्यापेक्षा वाटणं भारी. संध्याकाळपर्यंत सरूचे खांदे भरून यायचे. तिनं वाटायचं आणि मी पाट्यावरून काढून वाट्यांत भरायचं. आणि वाटण काढायचं कसं, तर माझ्या सासूनं मला आयुष्यात एवढी एकच विद्या दिली होती. पाटा असा निपटायचा की माशी बसली तरी उपाशी उडाली पाहिजे. मी तसाच निपटायची. हाताला वळणच पडलेलं.

बयाबाईंचं मात्र खरंच बरं झालं. चार दिवसांत कोठा मोकळा झाला, आठवड्यात म्हातारी उठून बसली. "आज जेवल्यासारखं वाटलं गं," म्हणाली आणि चक्क हसली. डॉक्टर आनंदानं पडवीत आले, म्हणाले, "सरूबाई, हे तुमच्यामुळं! आता गाळायचं काम संपलं, ही फडकी तुम्ही न्या. बाळाला होतील." सरूनं ती लाल डागांची फडकी डोक्याला लावून घेतली. भला माणूस! फडकी दिली आणि फडक्यात काय असायचं ते त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

मी म्हटलं, "मी सांगते डॉक्टरांना. वाटीभर वाटण रोज तुला देतील."

"नगं आक्का. टाकल्यालं न्हेलं तर कुणाचं काय जात न्हाई. मागून घ्यायचं म्हंजी रोज त्वांड वेंगाडाय लागतं. आज देत्याल, उद्या इसरत्याल."

"मग नंदाचं काय?"

तिनं फडक्यांची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "चोळी कोरडी पडाय लागलीया."

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पाटा धुवायचं काम सरू दुसऱ्या कुणाला करू देईना. एरवी मोलकरीण धुवायची, तिला ही म्हणे, "ऱ्हाऊ दे, पाटा मी धुती." मला वाटलं, आणखी एक खूळ. एका संध्याकाळी मी पाण्याला म्हणून विहिरीकडे निघाले तर ही पाटा कलता धरून त्यावर तांब्यानं पाणी ओतत होती, हातानं चोळून चोळून, आणि ते पाणी खाली डब्यात धरत होती. तोच पत्र्याचा डबा.

"हे काय गं?"

ती दचकली. मग म्हणाली, "पाण्याला रंग हाय, आक्का. रंग हाय म्हंजी कायतरी आसंलच की त्यात. ह्याच्यात पीठ कालवती."

मी डब्यात डोकावून बघितलं. रंग कसला, तांदळाचं धुवण तरी त्याहून दाट असतं. माझीच विद्या ती! मीच पाटा असा निपटला होता की त्या पोरीच्या वाट्याला नुसतं पाणी यावं. मी तशीच आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून माझा हात बिघडला. वाटण काढताना मी पाट्याच्या कडा सोडायला लागले. वरवंट्याला लगदा चिकटलेला तसाच राहू द्यायची. टाकीच्या खाचांत बोट घालेनाशी झाले. पाट्यावर चांगला जाड थर राहायचा, गाजराचा नाहीतर पालकाचा. सासू वरून बघत असेल तर शिव्यांची लाखोली वाहत असेल, वाहू दे.

एक दिवस डॉक्टर नेमके त्याच वेळी पडवीत आले. पाट्याकडे बघत उभे राहिले.

"मुक्ताबाई, पाट्यावर बरंच राहतंय हो."

"राहतं खरं," मी म्हटलं. "हात थकले आता माझे. वय झालं."

"हं. सांभाळा हो," ते म्हणाले आणि गेले.

सरूनं मान वर केली नाही. तिनं तांब्या उचलला, पण पाणी ओतलं अगदी ओंजळभर. मग हातानं ते सगळं दाटसर डब्यात ओढून घेतलं, झाकण लावलं आणि डबा फडक्यात बांधला. तेच लाल डागांचं फडकं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"आक्का, हात आसंच थकल्यालं ऱ्हाऊ द्या जरा. पोरगी अजून पालथी पडायची हाय."

"चल, नीघ आता," मी म्हटलं. "वाटेत अंधार पडेल."