तिकीट हातात दे

कुसुमच्या मावशीनं फिरकीचा तांब्या माझ्यापुढं धरला. मी हात पुढं केला. तांब्या माझ्या हातात आला, आणि बोटं मिटायच्या आत कुसुमनं तो ओढून घेतला.

"राहू दे मावशी, मी घेते."

पुण्याला जिमखान्यावर टेनिसचे मोठे सामने होते, आणि बायकांच्या फाटकापाशी भर दुपारी हे झालं. टांगे येत होते. जरीकाठाच्या बाया उतरत होत्या. मीही पांढरं पातळ नेसून आले होते. दोन महिने घडी न मोडता ठेवलेलं.

मावशीला काही उमजेना. "अगं, तू कशाला धरतेस? मोलकरीण आणलीयस ना बरोबर?"

मोलकरीण म्हणजे मी. हे मला त्या घटकेला कळलं.

कुसुम मावशीच्या कानाशी लागली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. मावशी दोन पावलं मागं सरली आणि तिनं पदर अंगाशी आवळून घेतला. जन्मल्यापासून लोक माझ्यापुढं पदर आवळत आले आहेत. त्याचा अर्थ मला कुणी शिकवावा लागत नाही.

कुसुम कोण, ते आधी सांगते.

मी निपाणीची. आई-बाप तंबाखूच्या वखारीत राबायचे. घरात भाकरी खातानाही शिंका यायच्या, इतका तंबाखू त्यांच्या कपड्यांत मुरलेला. वस्ती गावाबाहेर, शाळेत बसायची जागा दाराबाहेर. तरी फायनल पास झाले. मिशनच्या एका मिससाहेबानं मला बेळगावला नेलं आणि मास्तरणींच्या कॉलेजात घातलं. तिथल्या मुलींच्या बोर्डिंगात मला घेतलं नाही. मी मिससाहेबाच्या बंगल्यामागच्या खोलीत राहायची.

बंगल्याच्या आवारात तिनं एक जाळी बांधली आणि आम्हांला टेनिस शिकवायला घेतलं. जाळीला भोकं, चेंडू टकले झालेले. मुली पदर खोचून खेळायच्या, पडायच्या, हसायच्या. जोडीचा डाव असला की मात्र माझ्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. मी भिंतीवर चेंडू मारत बसायची.

एक दिवस शहापुरातल्या वकिलाची मुलगी स्वतःहून आली. "काय गं भिंतीशी खेळतेस? ये की माझ्या जोडीला."

मी म्हटलं, "तुमच्या घरी कळलं तर?"

"चेंडूला कसला आलाय विटाळ!" ती म्हणाली.

ती कुसुम. दोन वर्षं आम्ही जोडीनं खेळलो. ती जाळीशी, मी मागं. चेंडू दोघींच्या मधोमध आला की ती ओरडायची, "मी घेते!" मी सोडून द्यायची. कधी तिचा चुकायचा, पण मी कधी हूं की चूं केलं नाही. जोडीदारावर भरवसा ठेवायचा असतो, असं मिससाहेब सांगायची. खेळ झाला की कुसुम आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी मला द्यायची. मी पाणी घेताना तिच्याकडं बघायची. ती दुसरीकडं बघायची, जसं काही विशेष घडतच नव्हतं. त्यासाठी मी तिच्यावर जीव टाकला. खरंच टाकला.

पुढं तिला बेळगावातच शाळा मिळाली. मला निपाणीला, आमच्याच पोरींची. लढाई सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत ती मला भेटली ती बातमी घेऊनच. पुण्याला सामने आहेत, विलायतेहून बाया खेळायला येणार आहेत. "जाऊया की गं! मावशीचे यजमान जिमखान्याचे मेंबर. तिकिटं घरबसल्या येतील. तुझंही काढून ठेवते."

ज्या खेळात पहिल्यांदा कुणीतरी मला जोडीला घेतलं, तो खेळ खऱ्या मैदानावर, खऱ्या जाळीवर कसा दिसतो ते मला बघायचं होतं. खुर्चीवर बसून. बाकीच्या बायांसारखं. एवढंच माझं मागणं होतं, आणि ते मला फार मोठं वाटत होतं.

मी मोटारीनं कोल्हापूर, तिथून गाडीनं मिरज. मिरजेला ती बेळगावच्या गाडीत बसलेली. खिडकीतून हात हलवत होती. एका बाकावर बसलो. तिच्या दशम्या, माझी चटणी. आणि तोच फिरकीचा तांब्या. नीरेपर्यंत दोघींनी मिळून रिकामा केला.

पुण्यात ती मावशीकडं गेली, मी मंगळवार पेठेत मामाकडं. मामा सगळं ऐकून म्हणाला, "पोरी, मी उद्या सकाळी खिडकीला उभा ऱ्हातो. मागची का असंना, पर आपली जागा असंल."

"माझं तिकीट कुसुमनं काढलंय, मामा."

"हातात पडलं?"

"उद्या देनार हाय."

"हातात पडंल तवा आपलं म्हन."

मला मामाचा राग आला. म्हटलं, ह्याला माणसांवर विश्वासच ठेवता येत नाही. सगळ्यांना एकाच मापानं मोजतो. मी त्याला खिडकीवर जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी पोचले तेव्हा तिकिटं संपल्याची पाटी लागली होती. मी ती पाटी बघून उलट खूश झाले. माझं तिकीट तर होतंच.

कुसुम आली. बरोबर मावशी, आणि मावशीची नणंद. "आलीस? धर गं जरा," म्हणत कुसुमनं छत्री माझ्याकडं दिली. धरली. मैत्रिणीची छत्री धरायला काय होतं? मग नणंदेनं फराळाची पिशवी दिली. तीही धरली. मावशी मला वरून खाली न्याहाळून कुसुमला म्हणाली, "मोलमजुरीच्या बाईला इतकं पांढरंशुभ्र पातळ कशाला गं?" मला वाटलं, आणखी कुणाबद्दल बोलते आहे. मी मागं वळूनही बघितलं. माझ्या मागं कुणी नव्हतं.

मग तांब्या आला. आणि गेला.

मला आधी राग आला नाही. लाज वाटली. जणू चोरी करताना सापडले. मग तो तांब्या दिसला, कुसुमच्या छातीशी घट्ट धरलेला. कालचाच.

मी म्हटलं, "कुसुम, काल मिरजेपासनं ह्याच तांब्यातलं पानी आपुन दोघी प्यालो."

मावशीचा चेहरा पांढरा पडला. "काय बोलते ही? अगं, काल रात्री हा तांब्या माझ्या स्वयंपाकघरात होता! कुसुम, खरं का हे?"

कुसुमनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल. काहीही म्हणेल. निदान गप्प राहील.

"नाही हो मावशी. खोटं बोलते ती. मी असं करीन होय?"

मावशीचा मला आजही फारसा राग नाही. तिनं मला काही कबूल केलं नव्हतं. ज्या दुकानदारानं मला मीठ लांबून टाकलं, ज्या मास्तरानं मला दाराबाहेर बसवलं, त्यांनीही मला जोडीला ये म्हटलं नव्हतं. त्यांचा मार मी पाठीवर घेतला. हा मार समोरून आला, आणि मी त्याला हसत सामोरी गेले होते. कुसुमनं मला मोलकरीण केलं ते एक वेळ मी गिळलं असतं. ती मला खोटी म्हणाली. दोन वर्षांचं ते सगळं पाणी तिनं एका वाक्यात खोटं केलं.

"तरीपण ओतून टाक ते पाणी," नणंद म्हणाली. कुसुमनं फिरकी काढली आणि पाणी फाटकापाशी मातीत ओतलं.

मी छत्री नि पिशवी खाली ठेवली. "माझं तिकीट दे."

आता कुसुमला तोंड फुटलं. दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, ह्या ऐनवेळी निघाल्या, तुझं तिकीट ह्यांना द्यावं लागलं. पण प्रत्येक घराबरोबर एक बाई फुकट सोडतात आत, सामान धरायला. तुला सगळं दिसलं असतं की गं. मी तुझंच भलं बघितलं."

भलं! काय पण भलं बघितलं!

"माझं तिकीट दे," मी परत म्हटलं. आवाज चढला असावा, कारण टांग्यातून उतरणाऱ्या बाया थांबून बघायला लागल्या. मावशीला चारचौघांत शोभा नको होती. ती नणंदेला म्हणाली, "टाकून द्या हो ते. आपल्याला कोण अडवतंय? चला."

नणंदेनं तिकीट काढलं आणि टाकलं. माझ्या पायापुढं. नुकतंच पाणी ओतलेल्या चिखलात.

मी वाकले. खोटं कशाला सांगू? अंग आपोआप वाकलं. माझ्या आईनं वखारीच्या ओट्याखाली उभं राहून वरून टाकलेली मजुरी पदरात झेललेली, निसटलेली मातीतून वेचलेली मी लहानपणापासून बघत आले. वाकणं आमच्या कण्यालाच ठाऊक आहे. ते विचारत नाही. मी अर्धी वाकले, हात खाली गेला, आणि तिथं मी थांबले. आणि सरळ झाले.

"उचलून हातात दे," मी म्हटलं.

नणंद हसली. "ऐका! आता ह्यांच्या हातात द्यायचं!"

मी तिच्याकडं बघितलंही नाही. "कुसुम, तू उचल. माझ्या हातात दे."

आणि कुसुम वाकली. हे मी कधी विसरणार नाही. तीही अर्धी वाकली. तिची बोटं तिकिटापर्यंत पोचत होती.

"कुसुम!" मावशी म्हणाली.

कुसुम सरळ झाली. पदर सारखा केला. फाटकाकडं चालू लागली.

आत घंटा वाजली. फाटकावरच्या बिल्लेवाल्यानं तिघींना अडवलं. तिकिटं दोनच होती. त्यानं नणंदेकडं बोट केलं. तिच्या हातात आता ती पिशवी होती, छत्री होती आणि रिकामा तांब्या होता. "ही तुमच्याबरोबरची मोलकरीण का?"

कुणी बोललं नाही. मावशी नाही, कुसुम नाही, नणंदही नाही.

"जाऊ द्या," बिल्लेवाला म्हणाला, आणि ती मान खाली घालून माझ्या जागेवर आत गेली. मला हसू आलं. रस्त्यावर उभी राहून मी मोठ्यानं हसले. लोकांना वाटलं असेल, बाई वेडी आहे.

खेळ सुरू झाला. कुडापलीकडून चेंडूचा आवाज येत होता, गच्च ताणलेल्या रॅकेटीचा. आमच्या बेळगावच्या रॅकेटी तसा आवाज करायच्या नाहीत. मला आत जायचं होतं. अजून जायचं होतं, एवढं होऊनही. तिकीट तिथंच पडलेलं, दोन पावलांवर. उचललं असतं तर कुणी अडवलं नसतं. मी पहिला डाव संपेपर्यंत तिथं उभी राहिले. माणसं त्यावर पाय देऊन गेली. मग मी मंगळवार पेठेकडं चालू लागले.

मामानं काही विचारलं नाही. निपाणीला आल्यावर आईनं मात्र विचारलं, आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "उचलायचं हुतं गं. एवढ्या लांब गेलतीस. आमची हयात उचलन्यात गेली, आमी मेलो व्हय?"

"तुझी गेली, आई. माझी जायची न्हाय."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी गावातला एक तंबाखूचा व्यापारी माझ्या शाळेत पाट्या वाटायला आला. चांगला माणूस, असं सगळे म्हणायचे. पायरीवर उभा राहून तो एकेक पाटी खाली पोरींच्या ओच्यात टाकू लागला. मी म्हटलं, "आप्पा, हातात द्या." त्याला वाटलं, मी गंमत करते. मी पोरींना ओचे सोडायला लावले. तो पाट्या घेऊन परत गेला. ते सगळं वर्ष माझ्या पोरींनी मातीत बोटानं अक्षरं गिरवली. त्यांच्या आया माझ्याशी भांडायला आल्या. भांडल्या ते बरोबरच होतं. तरी पाट्या आणायला मी त्याच्या दारात गेले नाही. आणि माझी एकही पोरगी आज टाकलेलं उचलत नाही.

आता स्वराज्य येणार म्हणतात. कुसुम बेळगावात सभांतून बोलते. समतेवर बोलते, चांगलं बोलते असं ऐकते. गेल्या महिन्यात तिनं निरोप धाडला. तुझी शाळा बघायला यायचंय, पोरींच्या पंगतीला बसायचंय, त्यांच्या हातचं पाणी प्यायचंय.

मी निरोप्याला सांगितलं, कुसुमला सांग, पाणी आपण एकदा प्यालो आहोत. मिरजेपासून नीरेपर्यंत. ते आधी तुझ्या मावशीसमोर खरं कर. आणि फाटकापाशी माझं तिकीट पडलंय. ते कधीच कुजून गेलं, हे मला कळतं. तरी तू वाक. पूर्ण वाक, उचल, आणि माझ्या हातात दे.

ते जमत नसेल, तर माझ्या शाळेची पायरी चढू नकोस.